चला किटोला, स्पॅनिश शिकायला

आधी अंगात स्वेटर चढवा. विषुववृत्तावर जायचं म्हणून सुती सदरा घालून निघाला असाल, तर विमानाचं दार उघडताच हुडहुडी भरेल. साल १९९६, जुलै महिना. खिडकीतून खाली पाहा. विमान दोन डोंगररांगांमधल्या चिंचोळ्या पट्टीत उतरतंय आणि धावपट्टीचा पत्ताच नाही. दिसताहेत त्या घरांच्या गच्च्या, दोरीवर वाळणाऱ्या चादरी, पाण्याच्या टाक्या, वर बघून भुंकणारं एक कुत्रं. इक्वेडोरच्या राजधानीचा, किटोचा विमानतळ भर वस्तीत आहे. चाकं टेकतात आणि सगळे प्रवासी टाळ्या वाजवतात. तुम्हीही वाजवा, मनापासून.

शिडी उतरून दहा पावलं गेलात आणि धाप लागली ना? इथे सगळ्यांनाच लागते. शहर २,८५० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या दुपटीहून जास्त उंचीवर. दोन दिवस जिने सावकाश चढायचे, पाणी पीत राहायचं. हवेत डिझेलचा धूर आणि निलगिरीचा वास एकमेकांत मिसळलाय. धूर निळ्या बसगाड्यांचा. निलगिरीचा वास पश्चिमेच्या त्या उतारावरून येतोय. तो पिचिंचा, ज्वालामुखी. ऊन झणझणीत आहे, नाकाचा शेंडा भाजतोय. चार पावलं सावलीत सरकलात की पुन्हा थंडी.

तुम्ही इथे स्पॅनिश शिकायला आलात. रोज सकाळी चार तास शिकवणी, एका शिक्षिकेपुढे एकच विद्यार्थी, आणि राहायला एका कुटुंबातली खोली. जगभरचे तरुण याच कामासाठी किटोला येतात, कारण इथे राहणं-खाणं स्वस्त आहे. एका डॉलरला तीन हजारांहून जास्त सुक्रे मिळतात, त्यामुळे खिशात नोटांची जाड चळत घेऊन हिंडावं लागतं. शिवाय किटोची माणसं सावकाश बोलतात, शब्द पुरता उच्चारतात. पण मला विचाराल तर इथे यायचं खरं कारण नकाशात आहे. देश महाराष्ट्राहून लहान. तरी बसमध्ये बसून सहा-सात तास कुठल्याही दिशेला जा, हिमशिखरांखालची कुरणं लागतील, ॲमेझॉनचं जंगल लागेल, नाहीतर प्रशांत महासागर. आणि प्रत्येक ठिकाणची स्पॅनिश वेगळ्या तोंडातून, वेगळ्या हवेतून येईल. एकाच शिक्षिकेकडून ही भाषा पूर्ण मिळत नाही. ती देशभर हिंडून गोळा करावी लागते.

चला, पहाट झाली. पांघरूण जड आहे, लोकरीचं, बाहेर निघवत नाही. तरी उठा. न्हाणीघरात शॉवरच्या तोंडालाच विजेच्या दोन वायरी जोडल्यात. धार बारीक ठेवलीत तर पाणी गरम, जरा वाढवलीत की बर्फ. ओल्या हाताने नळ धरलात तर बोटांना झिणझिण्या येतात, म्हणून टॉवेलात धरून फिरवा. तुमचं ओरडणं ऐकून सेन्योरा, म्हणजे घराची मालकीण, बाहेरून हसत विचारते, ‘अचाचाय?’ हे स्पॅनिश नाही, किच्वा आहे, इथल्या डोंगरातल्या मूळ लोकांची भाषा. थंडी भरली की अचाचाय, चटका बसला की आराराय. किटोतला कितीही गोरागोमटा साहेब असो, गार पाण्याखाली तोही किच्वातच ओरडतो.

स्वयंपाकघरातून शिट्टी ऐकू आली? प्रेशर कुकरच तो. या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, मग कडधान्यं शिजायची कशी? टेबलावर ऊन पाव, पांढरं ताजं चीज आणि झाडावरच्या टोमॅटोचा रस. नारिंगी, आंबटगोड, थोडा तुरट. कॉफी म्हणून काचेच्या छोट्या बाटलीत काळाकुट्ट अर्क ठेवलाय. तो चमचाभर कपात घालायचा आणि वरून गरम दूध. सेन्योरा तुम्हाला ‘मिहो’ म्हणते, बाळा. बोलता बोलता पाव पुढे सरकवत राहते. तुम्हाला तिचं निम्मं कळत नाही, तरी नेमक्या जागी मान हलते. न कळणाऱ्या बोलण्यात बसून राहायची सवय झाली की पुढचं सोपं जातं.

बाहेर गॅसच्या सिलिंडरांचा ट्रक हॉर्न वाजवत गल्लीत शिरलाय. त्याच्या मागोमाग निघा. दहा ऑगस्ट नावाच्या हमरस्त्यावर त्रोले पकडायची आहे: मधोमध सांधा असलेली लांबलचक विजेची बस, टपावरचे दोन दांडे वरच्या तारांना टेकलेले. गेल्याच डिसेंबरात सुरू झाली, अजून नवी कोरी, शहराला तिचा अभिमान आहे. पिशवी पोटाशी धरा आणि आत घुसा. ओल्या लोकरीचा वास, केसांना लावलेल्या पाण्याचा वास, कुणाच्या तरी टोपलीतल्या पावाचा वास. फेल्ट हॅट घातलेली एक आजी पाठीवर शालीत बांधलेलं मूल घेऊन उभी आहे आणि ते मूल तुमच्याकडे टक लावून बघतंय.

शाळा म्हणजे एक जुनं घर. अंगणात छोटी छोटी टेबलं, प्रत्येक टेबलाशी दोनच खुर्च्या. तिकडे एक स्विस मुलगी क्रियापदं घोकतेय, इकडे एक जपानी मुलगा ‘र’शी झुंजतोय. वर्गात तीस जण असते तर मागच्या बाकावर लपता आलं असतं. इथे समोर फक्त शिक्षिका, आणि चार तास तुमच्याशीच बोलणार. इंग्रजी बंद. अर्ध्या तासात जबडा दुखायला लागतो.

पण एक गोष्ट पटकन लक्षात येते. शेजारचा अमेरिकन विद्यार्थी ‘मे गुस्ता’पाशी तीन दिवस अडलाय. त्याच्या भाषेत आवडणारा माणूस हा कर्ता असतो. तुम्ही ‘मला आवडतं’ म्हणत वाढलात, तुम्हाला समजावून सांगावंच लागत नाही. नामांना लिंग असतं याचंही नवल नाही, उलट इथे नपुंसकलिंगाची कटकट नाही. त आणि द दातांवर जीभ टेकवून म्हणायचे, तेही जन्मापासून येतात. छळतात ती ‘आहे’ची दोन क्रियापदं. एक कायमच्या असण्याचं, एक तात्पुरत्या असण्याचं, अशी ओळख शिक्षिका करून देते आणि लगेच सांगते की मेलेला माणूस मात्र तात्पुरत्यात धरायचा. यावर डोकं धरून बसायला सगळ्यांनाच मुभा आहे.

तुम्ही कुठले, हे सांगायची वेळ येते तेव्हा ती एक गोष्ट आवाज खाली आणून समजावते. स्वतःला ‘इंदिओ’ म्हणू नका, ‘दे ला इंदिया’ म्हणा. पहिला शब्द इथे डोंगरातल्या मूळ लोकांच्या तोंडावर शिवीसारखा फेकला जातो. चार चांगल्या धड्यांइतकं मोल या एका सूचनेला आहे.

दुपारी पोटात कावळे कोकलतात. कोपऱ्यावरच्या खाणावळीत शिरा, दारातच अनोळखी जेवणाऱ्यांना ‘बुएन प्रोवेचो’ म्हणा, स्वस्थ जेवा अशा अर्थाने. न म्हणता आत जाणं उद्धटपणाचं. थाळी ठरलेली: आधी बटाट्याचं दाट सूप, त्यात चीजचा तुकडा आणि ॲव्होकाडोची फोड, मग भात, मग रस. टेबलावर वाटीत आही नावाची मिरचीची चटणी. ती ओढून घ्या. वाढणारी बाई डोळे मोठे करून बघेल, बघू दे. शेवटी शिक्षिका काल ज्याला ‘झापिंगाचो’ म्हणाली ते मागवा. बटाट्याची चीज भरलेली, तव्यावर खरपूस भाजलेली टिक्की, वरून शेंगदाण्याची आमटी. पुस्तकात तो शब्द दोन एलने लिहितात, पण किटोची जीभ तिथे ‘झ’ काढते. रस्ता म्हणजे काझे, कोंबडी म्हणजे पोझो. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता नीट लक्ष द्या, कारण आज शुक्रवार आहे, २६ जुलै, आणि सकाळपासून काहीतरी चाललंय. सेन्योराने पाव पुढे सरकवला नाही. ती टीव्हीसमोर उभी आहे, हातात ओला फडका तसाच. अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये काही माणसं कंबर हलवत भराभर चालताहेत. वीस किलोमीटर चालण्याची शर्यत. त्यात कुएंका शहरातला २२ वर्षांचा एक मुलगा आहे, जेफरसन पेरेस. या देशाने ऑलिंपिकमध्ये आजवर एकही पदक जिंकलेलं नाही. एकही नाही. आणि हा मुलगा आता मैदानात शिरतोय, पुढे कुणी नाही.

पट्टीशी तो पोचतो आणि त्याच क्षणी गल्ली फुटते. गाड्यांचे हॉर्न, भांड्यांवर भांडी, कुत्री, चर्चची घंटा. सेन्योरा तुम्हाला मिठी मारते; फडका अजून ओलाच आहे, पाठ भिजते. रस्त्यावर बूटपॉलिशवाली पोरं आपल्या पेट्या बडवताहेत. त्रोलेत कुणी कुणाला ओळखत नाही आणि सगळे सगळ्यांशी बोलताहेत. आज तुम्हाला स्पॅनिश कळतेय, कारण सगळं शहर एकच वाक्य बोलतंय: जिंकला, आपला जिंकला.

शाळेत शिक्षिकेचे डोळे लाल. पुस्तक मिटलेलं. आज भूतकाळ शिकायचा होता, ती म्हणते, तर आता तुम्हीच काहीतरी सांगा, झालेलं, खरं. काय सांगाल?

सांगा की. तुमच्याकडेही एक असा माणूस होता. काशाबा नव्हे, खाशाबा. ‘ख’ तिला जमत नाही, जाऊ दे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कुस्ती हा शब्द येत नाही, तर उठून दोन हात पुढे करून पवित्रा घ्या. ती ओरडते, ‘लुचा!’ बरोबर, लुचा. हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, म्हणून लोकांनी वर्गणी काढली. वर्गणीला शब्द नाही. टेबलावर सुक्रेच्या नोटा एकेक करून ठेवत जा, इतक्या माणसांनी इतकं दिलं. तिला कळतं. मग ते परत आले तेव्हा गावाने काय केलं? बैलगाडी कशी सांगणार? वहीत काढा. शिंगं काढा, वशिंड काढा, दोन चाकं, जू. ती पेन्सिल घेते आणि चित्राखाली लिहिते: ‘बुएयेस’, ‘कारेता’. किती? शंभरावर. मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या.

शंभर? ती दुसऱ्या टेबलाकडे वळून ओरडते, अहो, इकडे या, ऐका हे. स्विस मुलगी येते, जपानी मुलगा येतो, चार शिक्षिका उभ्या राहतात. तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं आणि दुसऱ्या खेपेला क्रियापदं आपोआप जागेवर बसतात: जिंकला, आला, दिले, जमले. भूतकाळ असा शिकायचा. तुम्हाला अजून ठाऊक नाही, पण याच स्पर्धेत आठ दिवसांनी लिअँडर पेस टेनिसमध्ये कांस्यपदक घेईल, खाशाबांनंतर ४४ वर्षांनी आलेलं दुसरं वैयक्तिक पदक. आणि पेरेस तर यात्रेला निघेल: हा पठ्ठ्या किटोपासून कुएंकापर्यंत ४५९ किलोमीटर पायी जाईल.

संध्याकाळी एल एहिदो बागेत फेरी मारा. इथले लोक व्हॉलीबॉल तिघा-तिघांत खेळतात, उंच जाळं बांधून, चक्क फुटबॉलने. चेंडू हाताच्या पंजांवर आदळतो तो आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येतो. वारा सुटलाय, उन्हाळ्याचा कोरडा वारा, पोरांच्या पतंगांना चांगला. घरी फोन करायचा असेल तर टेलिफोन कचेरीत रांगेला लागा. रात्रीचे आठ वाजलेत, म्हणजे पुण्यात उद्याची सकाळ, साडेसहा. लाकडी खोलीत शिरा, दार लावा, आवाज प्रतिध्वनीसह पोचतो, मिनिटं महाग आहेत. पेरेस जिंकला एवढं सांगा आणि ठेवा.

शनिवार. अंधार असतानाच उत्तरेची बस. दारात लटकलेला पोरगा गावाचं नाव गाण्यासारखं घोळवतो: ‘ओताव्हालो, ओताव्हालो, ओताव्हालोऽ!’ दोन तासांचा रस्ता. कायाम्बेजवळ कुठेतरी विषुववृत्त ओलांडून तुम्ही उत्तर गोलार्धात येता, बसमध्ये कुणी मान वर करत नाही. कायाम्बेचं बर्फाचं शिखर मात्र असं समोर येतं की झोपलेलेही जागे होतात.

ओताव्हालोत आधी गुरांचा बाजार. शेण, चिखल, डुकरांचा आकांत, पोत्यात वळवळणारे गिनिपिग. मग पोंचोंचा चौक. लोकर, लोकर, लोकर. तिचा तेलकट उबदार वास कपड्यांत मुरतो. पुरुषांची पाठीवर एकच लांब वेणी, पांढऱ्या विजारी, निळे पोंचो. बायकांच्या भरतकाम केलेल्या पांढऱ्या चोळ्या आणि गळ्यात सोनेरी मण्यांच्या इतक्या माळा की मान दिसत नाही. आपसात किच्वा चालते. तुमच्याशी बोलताना स्पॅनिश, आणि तीच गंमत आहे. या बाईलाही स्पॅनिश नंतर आलेली. ती तोडून तोडून, स्वच्छ बोलते, तुम्हीही तसेच बोलता. दोघं उसन्या भाषेत समोरासमोर उभे. किटोत चुकण्याची जी भीती वाटत होती ती इथे उरतच नाही.

शाल निळी घ्यावी की राखाडी? भाव विचारा. ती सांगते. ‘थोडं कमी,’ म्हणा. ती शाल तुमच्या खांद्यावर टाकते, आरसा धरते, म्हणते हातमागावरची आहे, भावाने विणलीय. तोच भाऊ आता युरोपात रस्त्यावर हेच विकतो. तुमचं गाव लांब का? फार लांब. तिकडेही हातमाग आहेत? आहेत, सोलापूरला, पैठणला. ती दोन बोटांत तुमच्या झब्ब्याचं सूत चोळून बघते. किंमत थोडी खाली येते. घ्या ती शाल.

आता समुद्र. किटोला परत या. तिथल्या कुमांदाच्या बसस्थानकावरून एस्मेराल्दासची बस, सहा तासांची. पहिल्या तासात धुकं, कडे, धबधबे आणि वळणांवर ड्रायव्हरने कपाळाला लावलेला हात. मग कानात दडे बसतात आणि फुटतात. स्वेटर काढा. पुढच्या तासाला मोजे काढा. सांतो दोमिंगो येईस्तोवर खिडकीतून केळीच्या बागा आणि वाफाळलेली हवा आत येते. विक्रेते चढतात, केळ्याच्या वेफर्सच्या पुड्या आणि गार नारळपाणी घेऊन. गाणं बदललंय, आवाज वाढलाय. शेवटी आताकामेसचा किनारा, गवती छपरांच्या टपऱ्या, टांगलेली फळं, डोंगरातून सुट्टीला आलेली कुटुंबं आणि वाळूतून तळपायाला बसणारा चटका. आराराय!

इथली पुष्कळ माणसं आफ्रिकी वंशाची आहेत. कुठूनतरी मारिंबा वाजतोय; चोंता नावाच्या ताडाच्या पट्ट्या, खाली बांबूच्या नळ्या, आणि त्यांच्या मागे ढोल. मागच्या गल्लीतल्या खाणावळीत शिरा आणि ऐटीत पोझो मागा. वाढणारी बाई खदखदून हसते. ‘पोयो!’ डोंगरातून आलात वाटतं? मग ती जे बोलते त्यातले सगळे ‘स’ गळून पडलेत, शब्द एकमेकांवर चढलेत, आणि तुमची सगळी विद्या क्षणभर पाण्यात. पुन्हा सांगा म्हणा. ती पुन्हा सांगते, तेवढ्याच वेगाने. पोयो बियो काही नाही, आज मासे आहेत, एन्कोकादो.

चुलीजवळ या, बघा. नारळ किसून हाताने पिळून दूध काढलंय, त्यात मासा रटरटतोय, वर चियांगुआची लांब पानं कोथिंबिरीचा वास सोडताहेत. मालवणचा माणूस असता तर इथेच पाट मांडून बसला असता. वाफ तोंडावर येते, डोळे मिटतात. बाई मात्र तुम्हाला रिकामं बसू देत नाही. हिरव्या केळ्याचे जाड तुकडे एकदा तळून काढलेत, ते चेपून पुन्हा तळायचे आहेत. ती लाकडी फळी तुमच्या हातात देते. ‘आप्लाहता... आप्लाहता!’ चेप! ‘स’ इथेही गेला, पण हातात फळी आहे म्हटल्यावर कळायचं काय राहिलं? चेपा. तेवढं जोरात नाही, फुटेल. हं, असं. पुढचा घ्या. मागून तिची मुलगी आणखी चार तुकडे आणून टाकते, तेल चरचरतं, बाहेर कुणीतरी दोन थाळ्यांची ऑर्डर ओरडतं, आणि बाई तुमच्याकडे बोट करून त्याला सांगते की केळी आज हा चेपतोय, घाई असेल तर त्याच्याशी बोल.